हाताने फिरवलेली किक

मोबाइल खाली ठेव रे तू. त्या उजेडात तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय. आणि मध्येच कुणी "खरंच का?" म्हणून विचारायचं नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझा सख्खा साडू. आयुष्यात त्याने मला एकदाही फुकट चहा पाजला नाही. पण थापा कधी मारल्या नाहीत. चिकट होता, थापाड्या नव्हता.

त्याचं मोटरसायकलींचं गॅरेज. खाली गॅरेज, वर घर, मधे लाकडी जिना. जुन्या गाड्या याच्याकडेच यायच्या, कारण नवीन गाड्यांना हा शिव्या द्यायचा. खिशात कायम खडू, म्हणून सगळे त्याला खडूमिस्त्री म्हणायचे. गाडीचा एखादा भाग दुसऱ्याला घासतोय अशी शंका आली की हा एकावर खडू फासायचा आणि दुसरा फिरवून बघायचा. पांढरं उमटलं तर घासतंय, नाही उमटलं तर मोकळं. बस्स. एवढ्यावर त्याने जन्म काढला.

गेल्या डिसेंबरातला पहिला रविवार. थंडी अशी की पाना हातात धरवेना. दिवेलागण झाल्यावर एक मुलगी म्हातारी मोटरसायकल ढकलत दारात आली. तोंड लाल, धापा टाकतेय.

"काका, किक मारली की परत वर येत नाही. फूटरेस्टखाली जाऊन अडकते. उद्या सकाळी हवीय."

"गाडी माझ्या वयाची, आणि तुला उद्या सकाळी?"

"डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागलेय. उद्या पहिला दिवस. पहिली बस तिथं पोचेपर्यंत माझी अर्धी ड्यूटी संपते."

"कुणाची ही?"

"मामाची."

मामा दोन वर्षांपूर्वी त्याच डोंगराच्या रस्त्यावर अपघातात गेला होता. उजवीकडचं वळण घेताना पडला. लोक म्हणाले, वेगात असणार.

"मामा आणि वेगात!" मुलगी म्हणाली. "सायकलवाले त्याला मागे टाकून जायचे." हसली, आणि मग हसायचं थांबली. वाकून किकवरच्या रबराला बोट लावलं. "हे तेवढं नवीन टाका. मामाचा उजवा पाय लहानपणापासून तिरका. रबर नेहमी बाहेरच्या कडेलाच झिजायचं. आई म्हणायची, तुझी किक बघून कुणीही तुला ओळखेल."

रबर खरंच बाहेरच्या बाजूने पार झिजलेलं होतं. नखाच्या चंद्रासारखी कड तेवढी उरलेली.

"सकाळी ये," मिस्त्री म्हणाला.

किक त्याने गॅसवर तापवली, जराशी बाहेर वाकवली. फूटरेस्टला खडू फासला. आता किक मारून बघायची. पण थंडीने त्याचा गुडघा धरला होता. म्हणून त्याने किक हाताने दाबली. खाली गेली, वर आली. किकवर पांढरं काही नाही. मधे नख जाईल एवढी फट. झालं काम. जुनं रबर काढून भंगाराच्या डब्यात टाकलं, नवं कोरं चढवलं. शटरला आतून कुलूप लावलं आणि वर जाऊन जेवला.

मध्यरात्र उलटली असेल. बायकोने त्याला हलवलं.

"अहो, खाली किक कोण मारतंय?"

"मांजर असेल."

"मांजर किक मारतं?"

तेवढ्यात परत आवाज आला. खाड्... आणि लगेच, टक्. लोखंडावर लोखंड. हा आवाज त्याला झोपेतही कळायचा.

तो खाली गेला. दिवा लावला. शटरचं कुलूप जसंच्या तसं. गाडी स्टँडवर उभी. आणि किक खाली, फूटरेस्टखाली अडकलेली. किकवर पांढरी रेघ.

स्वतःवरच चिडला. वाकवताना कमी पडलं असणार, किक आपोआप उतरली असणार. असं स्वतःला सांगितलं. आपोआप उतरलेली किक खाड् वाजत नाही, हे त्यालाही माहीत होतं. कानस घेतली, फूटरेस्टची कड घासली. खडू फासला. किक पुसली. हाताने दाबली. मोकळी! पुन्हा दाबली. मोकळीच.

दिवा घालवला. जिन्याची पहिली पायरी चढला... आणि मागे सीट कुरकुरली.

जुन्या गाडीची सीट, खाली दोन मोठ्या स्प्रिंगा. माणूस बसला की त्या कुरकुरतात. माणूस बसला की.

शटरच्या फटींतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी आत पडला होता. त्या उजेडात त्याने बघितलं. सीट हळूहळू दबत होती. गाडी स्टँडवर जराशी कलली. मग किक... कुणी हात न लावता... खाली गेली.

खाड्. टक्.

अडकली.

सीट वर आली नाही. दबलेलीच राहिली. कुणीतरी थांबलं होतं. वाट बघत होतं.

"काय..." मिस्त्री म्हणाला. "काय पाहिजे?"

...

किक हलली. टक्... टक्... टक्... अडकलेली किक बुटाच्या टोकाने वर उचलून बघतात ना, तशी. निघत नव्हती. टक्... टक्...

मग थांबली.

सीट वर आली.

त्याच्या जागी मी असतो तर वर जाऊन डोक्यावरून पांघरूण घेतलं असतं. तुम्हीही घेतलं असतंत, उगाच छाती पुढे काढू नका. त्यालाही तेच सुचलं. पण पायरीवर उभ्या उभ्या एक गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली. आपण दोन्ही वेळा किक हाताने दाबली. ह्याने पायाने मारली.

दिवा लावला. दुखरा गुडघा तसाच उचलून किकवर पाय ठेवला आणि सगळं वजन टाकलं.

टक्.

आणि मग दिसलं. किक ज्या दांड्यावर बसते, तो दांडाच वजनाने आत कलत होता. दांड्याला धरून ठेवणारं पितळेचं कडं, म्हणजे बुश, आतून पार झिजून गेलेला. हाताने दाबली की किक सरळ जाते. माणसाचं वजन पडलं की आत झुकते आणि फूटरेस्टखाली अडकून लोंबत राहते.

लोंबणारी किक. उजवीकडचं वळण. गाडी उजवीकडे कलली की किक रस्त्याला टेकणार. आणि टेकली की...

लोक म्हणाले होते, वेगात असणार.

सकाळी तोच रस्ता. तेच वळण. आणि ती पोरगी.

ऑइल काढलं. झाकण खोललं. त्या मापाचा बुश मिळणार कुठे? पितळेचा तुकडा छोट्या लेथवर चढवला आणि नवा कातायला बसला. पाठीमागे काही हललं तरी वळून बघायचं नाही, असं ठरवलं होतं. दोनदा काहीतरी हललं. त्याने बघितलं नाही. बायको शाल गुंडाळून जिन्यात येऊन बसली. "झोपा की आता," एवढं म्हणाली, त्याचं तोंड बघितलं आणि तिथेच बसून राहिली.

बुश बसवला. झाकण लावलं, ऑइल भरलं. किक चढवली. फूटरेस्टला खडू फासला. मग हात पुसले आणि अंधाऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाला,

"आता बघा."

दिवा घालवला.

बराच वेळ काही नाही... बायकोने जिन्यातून उतरून त्याचा दंड धरला.

सीट कुरकुरली.

खाड्.

आणि किक वर आली. एकटीच. टक् नाही.

खाड्. वर. खाड्. वर. पुन्हा. पुन्हा. बायकोने शाल कानावर ओढली. तो मात्र ऐकत राहिला. दरवेळी टक् यायची वाट बघत. टक् आलं नाही.

मग सीट वर आली. त्यानंतर काही नाही.

उजाडता उजाडता मुलगी आली. पाठीला पिशवी, केस ओले. त्याने आधी किक बघितली. पांढरं कुठेच नव्हतं.

"पायाने मार," तो म्हणाला. "सगळं वजन टाकून."

तिने मारली. किक खाली गेली, वर आली. दुसऱ्या किकेला गाडी चालू झाली.

"काका, रात्रभर जागलात की काय?"

"म्हातारपणी झोप येत नाही. आणि ऐक, वळणाआधी एकदा किककडे नजर टाकत जा."

"बरं." ती बसली. निघता निघता खाली वाकून बघितलं आणि हसली. "रबर बदललं नाहीत होय? बरं केलंत. मामाचंच राहू दे."

मिस्त्रीने बघितलं. किकवरचं रबर बाहेरच्या कडेने पार झिजलेलं. नखाच्या चंद्रासारखी कड तेवढी उरलेली.

ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा राहिला. मग आत आला आणि भंगाराच्या डब्यात हात घातला.

मामाचं जुनं रबर डब्यातच होतं.