सरळ रेषेतलं बेळगाव

आसावरीला रक्त हवं होतं, आणि तिच्या दुर्मिळ गटाचं रक्त फक्त तिच्या भावाच्या अंगात होतं. बेळगावात बाळंतपणानंतर तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. प्रवासी विमान थेट दुसऱ्या दिवशी होतं. म्हणून भर दुपारी त्या भावाला, शंतनूला, शेजारी बसवून वैमानिक हेमलताने जक्कूरच्या छोट्या विमानतळावरून आपलं चार आसनी विमान उडवलं. मागे तिचा मेकॅनिक महांतेश होता.

"अजून तुमकूरच?" शंतनू ओरडला. "मी डॉक्टरांना एक तास सांगितलाय! वेबसाइटवर तसंच होतं."

"तो जेटचा तास, साहेब," महांतेश म्हणाला. "आपली ही म्हैस. अंतर तेवढंच, पण अडीच तास धरा."

शंतनूचा चेहरा पांढराफटक पडला. चित्रदुर्गचे उघडे खडक, पवनचक्क्यांच्या ओळी, उन्हात तापलेली काळी रानं पंखाखालून सरकत गेली. हुबळी मागे पडली आणि घाटाच्या अंगाला वळवाचा ढग दिसला. खाली काळानिळा, वर ऐरणीसारखा पसरट. त्याच्या पोटात विजा नाचत होत्या.

"अक्का, मागे फिरू. हुबळीला उतरू," महांतेश म्हणाला.

"उजवीकडे फट आहे, मॅडम! प्लीज! सरळ काढा!"

फट हेमलतालाही दिसली होती. तिने विमान आत घातलं.

फट मिटली!

विमान दगडासारखं खाली कोसळलं, मग कुणी लाथ मारावी तसं वर उडालं. गारा काचेवर आदळू लागल्या. काच तडकली. महांतेशचं डोकं छतावर आपटलं. खाली खानापूरकडचं जंगल गरगरत होतं.

"फिरतेय मी!" हेमलता ओरडली.

"नाही! ती मरेल!" शंतनूने आपल्या समोरचा, विमान चालवायचा दुसरा दांडा दोन्ही हातांनी पकडून ओढला. विमानाचं नाक वर झालं, वेग तुटला, धोक्याचा भोंगा किंचाळला. पंख कलंडला. हेमलताने कोपर मारलं. पुन्हा मारलं! त्याचं नाक फुटलं, पण हात सुटेनात. मागून महांतेशने त्याच्या गळ्यात हात घालून त्याला खुर्चीत जखडलं, तेव्हा कुठे दांडा सुटला. तिने नाक खाली दाबलं. झाडं अंगावर आली... आणि विमानाने हवा धरली.

"नाक दाबून धर, गाढवा!" महांतेश गरजला. "ते रक्त तुझं नाही!"

शंतनूने शर्ट नाकावर दाबला आणि हुंदके देऊ लागला.

"तुम्ही जिवंत राहिलात तरच ती राहील," हेमलता म्हणाली. "बेळगावला उडत जायचा नाद सोडा. हुबळीहून रस्त्याने जायचं."

तिने रेडिओवर रुग्णवाहिका मागितली. हुबळीच्या धावपट्टीवर चाकं आपटली, उसळली, टेकली. शंतनू दार उघडून रुग्णवाहिकेकडे पळत सुटला. वळूनही पाहिलं नाही त्याने.

अंधार पडेपर्यंत दोघं हँगरच्या भिंतीला टेकून बसले होते. महांतेशच्या डोक्याला पट्टी होती. फोन वाजला.

"अक्का..." शंतनूचा आवाज नाकातून येत होता. "सुई लावलीये. चढतंय तिला. डॉक्टर म्हणाले, वाचेल ती."

"सरी... बरं," हेमलता म्हणाली. एवढंच. मग तिने फोन महांतेशच्या हातात दिला आणि तोंड ओंजळीत झाकलं.