एका अक्षराचा ठसा

टायटनकडे निघालेल्या यानाचे दार संध्याकाळी बंद होणार होते आणि इकडे उड्डाणतळाच्या टपालकक्षातला लाल दिवा काही केल्या हिरवा होत नव्हता.

शलाका भोसेकर त्या यानाची संग्रह-अभियंता. ‘चांद्रकट्टा’ या टपालसमूहाचा अख्खा पत्रसंग्रह तिला यानात चढवायचा होता. कट्ट्यावर कुणीही पत्र टाकले की ते संग्रहपालांच्या हातून सगळ्यांना जायचे. तिचे वडील चंद्रतळावर आचारी, आणि त्यांची आजवरची सगळी पत्रे त्यातच होती. टायटनवर तिला बापाचा तेवढाच सहवास मिळणार होता. यानसुद्धा आपली माणसे या संग्रहावरूनच ओळखणार होते. नाव कट्ट्यावर पहिल्यांदा जसे आले, तसे. पण चढवणी वडिलांच्याच, म्हणजे आबांच्या, एका जुन्या पत्रापाशी अडली होती.

हे पत्र कुणीतरी बदललेय, असे तिने म्हणताच संग्रहपाल उपासनी चिडले. पोटच्या पोरासारखा सांभाळलेला संग्रह. पडताळणीसाठी चंद्रावर ठेवलेला आरसासंग्रहच बिघडला असेल, असे त्यांनी ठणकावले.

"सर, तेव्हा चंद्रावर जागा कमी होती. म्हणून तिथे मजकूर ठेवला नाही, फक्त पत्र टाकताक्षणी त्याचा अंकठसा, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडा, ठेवला. मजकुरातली एक वेलांटी हलली तरी ठसा बदलतो. शिवाय प्रत्येक ठशात आधीच्या पत्राचा ठसा मिसळलेला असतो. एक पत्र चुकलं की पुढची सगळी खोटी ठरतात. यान ती घेणारच नाही."

दोन्हीकडचे ठसे रोज ताडून पाहायची सोय होती. आरसा जोडताना उपासनींनीच ती बंद ठेवली होती, उगाच कटकट नको म्हणून.

उपासनी चष्मा पुसत म्हणाले, "मी त्यात ‘आणी’चं ‘आणि’ केलं होतं. बघवेना हो मला."

दीर्घ वेलांटी परत देताना त्यांचा चेहरा काढा प्यायल्यासारखा झाला. दिवा लालच राहिला. आणखी काहीतरी सुधारले होते, पण काय ते आठवेना. शुद्धलेखनात त्यांचा हात आपोआप चालायचा.

शलाकाने चंद्रावर फोन लावला. पत्रात काय चुकले होते, हे विचारल्यावर आबा दुखावले. मी कशाला चुकीचे लिहीन, म्हणाले. तेही खरेच, चूक आहे हे ठाऊक असते तर त्यांनी ती केलीच नसती.

"बरं आबा, काय लिहिलं होतंत ते नुसतं म्हणून दाखवा."

तिच्या बारशाला येता येणार नव्हते, म्हणून धाडलेले ते पत्र त्यांना तोंडपाठ होते. "मी सुखरूप आहे आणि पोरीचं नाव शलाखा ठेवा."

‘ख नाही आबा, क,’ हे लहानपणापासूनचे वाक्य तिच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. तिने ‘का’च्या जागी ‘खा’ टाकला. दिवा हिरवा झाला आणि मागे अडलेली सगळी पत्रे भराभर यानात शिरली.

उपासनींनी कपाळाला हात लावला. शलाकाच्या आईने बारशाला त्यांचेच सुधारलेले पत्र वाचले होते. म्हणजे या बाईंचे नाव त्यांनीच ठेवले होते. शलाका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

संध्याकाळी ती यानाच्या दाराशी पोचली. निरोप घ्यायला आबा फोनवर होतेच. दाराने नाव विचारले.

"शलाका भोसेकर."

"अशी कुणी नोंद नाही."

ती क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, "शलाखा."

"तेच तर सांगतोय मी इतकी वर्षं," आबा म्हणाले, आणि दार उघडले.