मला न नेणारी गाडी

हे मी माझ्या तोंडाने सांगणार नव्हते. सांगण्यात माझी शोभा नाही. पण यातला एकही शब्द पदरचा नाही, हे आधीच लिहून ठेवते.

गेल्या माघातला रविवार. कोलशेतचे एक गॅरेज. रात्र नव्हे, सकाळचे लख्ख ऊन.

गाडी आमच्या यजमानांची. जुनी, ऑटोमॅटिक. डावा गुडघा आखडल्यामुळे त्यांना क्लच दाबवत नसे, म्हणून घेतलेली. ते गेल्यावर ती आमची सून, ऐश्वर्या, चालवू लागली.

आदल्या आठवड्यात आम्ही दोघी डोंबिवलीला बारशाला निघालो होतो. माजिवड्याचा सिग्नल हिरवा झाला. ऐश्वर्याने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडले...

गाडी जागची हलली नाही.

मागे हॉर्नचा गोंगाट. मी काच खाली करून, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माहेरी कधी सायकल तरी बघितली होतीस का गं? यांची गाडी मोडलीस तू."

रिक्षा करावी म्हणून मी खाली उतरले.

आणि गाडी अलगद पुढे गेली.

तिने मुद्दाम केले, असे मी बारशात सर्वांसमोर सांगितले. घरी येताच किल्ली काढून घेतली. प्रशांत, माझा मुलगा, म्हणाला की दोष कोणाचा ते मेकॅनिकलाच ठरवू दे. मी म्हटले, जरूर.

मेकॅनिक महेंद्रने इंजिन चालू ठेवून गिअर ऑइलची पट्टी काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल लालभडक. जळका वास नाही. लिव्हरची केबल पाहिली, कॉम्प्युटर जोडला. कुठेच काही नाही. त्याने स्वतः फेरी मारली. ऐश्वर्यानेही मारली. गाडी सुरळीत.

मग त्याने विचारले, त्या दिवशी गाडीत आणखी कोण होते?

मी ऐश्वर्याच्या शेजारी जाऊन बसले.

लिव्हर 'डी'वर. इंजिन ओरडले... चाके थिजलेली.

वजनाने होत असेल, असे म्हणून महेंद्रने माझ्या जागी प्रशांतला बसवले. प्रशांत माझ्या दुप्पट. गाडी गेली.

मी पुन्हा बसले.

नाही.

गॅरेजमधली माणसे हातातले काम सोडून पाहू लागली. कोणीतरी हसून म्हणाले, "आजी, गाडीचं तुमच्याशी वाकडं आहे वाटतं."

तेवढ्यात... खट्.

लिव्हर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, आली. ऐश्वर्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मग माझ्या दाराच्या लॉकची खुंटी... टक्. वर आली. हाताने ओढल्याशिवाय न उघडणारी.

फक्त माझ्याच दाराची.

आता कोणी हसत नव्हते.

आमचे यजमान म्हणजे भाजीत मीठ नसले तरी चकार शब्द न काढणारा माणूस. हयातभर माझ्या शब्दाबाहेर न गेलेला. त्यांनी मला कधी 'उतर' म्हटले नव्हते.

मी उतरले. मान वर करवेना.

तिथेच, त्या सगळ्यांसमोर, मी ऐश्वर्याला म्हणाले, "गाडी तुझी. मी बोलले ते चुकीचे होते." असे वाक्य या घरात मी कोणालाही कधी म्हटलेले नाही.

"आई, बसून बघा ना परत," ती हळूच म्हणाली. "आता घेईल ती."

मी रिक्षाने घरी आले.

ती अजूनही प्रत्येक वेळी विचारते. मला एसी सोसत नाही, असे मी सांगते. खरे कारण निराळे आहे. सुनेची क्षमा तर मागून झाली. आता बसले, आणि तरीही गाडी हलली नाही...

तर त्यांच्या मनात माझ्याविषयी आणखी काही आहे. ते काय, हे मी त्यांना कधी विचारलेच नाही.