नाकावर बसेपर्यंत

"अहो! अहो, तुम्ही! हात काढा आधी त्याच्या तोंडावरून!"

मिरी कुरणातून ओरडत धावली. लांबून तिला तो कुंपणाचा खांबच वाटला होता. खांबाला हात फुटले आणि त्या हातांनी ढब्बू तट्टाचं मुसकं सोडलं, तेव्हा कुठे कळलं की हा माणूस आहे. उंच, बाह्या दुमडलेला, आणि चोरी पकडली गेली तरी हसणारा.

"चावत नाही हो तो," माणूस म्हणाला. "मी रोज सोडतो. एकदासुद्धा चावला नाही."

"रोज?"

"दुकान बंद केलं की येतो. बिचारा दिवसभर तोंड बांधून उभा असतो..."

मिरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोज सकाळी ती या गोलमटोल तट्टाला मुसकं घालायची आणि रोज संध्याकाळी ते गवतात पडलेलं सापडायचं. आत्या म्हणायची, तट्टू बिलंदर आहे. मिरीने पट्टे आवळले, बकलं बदलली, ढब्बूला लेक्चरं दिली. आणि बिलंदर हा होता!

"ते चावू नये म्हणून नाही," ती दात आवळून म्हणाली. "जास्त चरू नये म्हणून आहे! या हिरव्या गवताने त्याचे खूर आतून सुजतात. मागच्या वेळी चार पायांवर उभं राहता येत नव्हतं त्याला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा सुजले तर..."



माणसाचं हसू मावळलं. त्याने मुसकं उलटंसुलटं करून पाहिलं. रबराची खोल टोपली, आणि तळाला एक भोक. दोन-चार पाती आत येतील एवढंच.

"मला वाटलं, शिक्षा केलीय त्याला."

"शिक्षा आता होईल. महिनाअखेरीपर्यंत याने मुसकं घालून चरायला नाही शिकलं, तर आत्या कुरण बंद करणार. कायमचा तबेल्याच्या खोलीत, सुक्या गवतावर. एकटा!" "आणि हा दिवसभर एक पातं तोडत नाही. नुसता रुसून उभा. कशाला तोडेल? संध्याकाळी दयाळू काका येणारच आहेत."

काका हा शब्द त्याला लागलेला दिसला.

"पण मी विचारलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. तुम्ही तबेल्याच्या दारात होतात. मी मुसक्याकडे बोट दाखवलं, हात केला... तुम्हीही केलात. छान हसून."

मिरीने डोळे बारीक केले. "मला वाटलं, शेजारच्या काकू हात करतायत."

तो तिच्या बारीक केलेल्या डोळ्यांकडे बघत राहिला. "लांबचं दिसत नाही ना तुम्हाला?"

"दिसतं!"

"मी चष्मेवाला आहे," तो हळूच म्हणाला. "नाकावर न बसणाऱ्या वस्तू बसवणं, हाच माझा धंदा. उद्या दुकान उघडायच्या आधी येऊ?"

आणि तो आला. पहिल्यांदा त्याने मुसकं घातलंच नाही. ढब्बूच्या नाकाडावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबला. केस घासून तिथली कातडी गुलाबी झाली होती.

"इथे टेकतंय. लहान मुलं चष्मा भिरकावतात ना, त्यातली निम्मी हट्टी नसतात. त्यांना टोचत असतं."

मिरीला वाईट वाटलं. आपण नुसते पट्टेच आवळत राहिलो... त्याने पट्ट्याखाली मऊ लोकरीची घडी शिवली. मग मुसकं टोपलीसारखं धरून तळाशी गाजराचा तुकडा ठेवला. ढब्बूने नाक घातलं, गाजर उचललं, नाक काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

"हे मीही करून पाहिलंय," मिरी म्हणाली. "तो गाजर खातो आणि आपल्याला वेड्यात काढतो."

"काढू दे. घाई कोणाला आहे?"

"मला! महिना संपत आला."

"मग आपण दोघं जास्त वेळ वेड्यात निघू."

तो असं काहीतरी बोलायचा आणि मिरीला नेमकं तेव्हा बकलात लक्ष घालावं लागायचं.

मुसकं हळूहळू ढब्बूच्या नाकावर टिकू लागलं. मात्र खालच्या भोकातून गवत येतं, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. मग एका सकाळी, भुरभुर पाऊस पडत असताना, मिरी सरळ ओल्या गवतात पोटावर आडवी झाली आणि खालून एकेक लांब पातं भोकात सारू लागली. चष्मेवाला क्षणभर बघत राहिला. मग तोही शर्टाची पर्वा न करता तिच्या शेजारी आडवा झाला.

"तुम्ही डावीकडून, मी उजवीकडून."

"भोक एकच आहे."

"म्हणूनच तर..."

बोटांना बोटं लागली. कोणीच हात काढला नाही. वरून ढब्बूचा गरम श्वास, केसांत पावसाचे थेंब—

"काय गं मिरे," मागून आत्याचा आवाज आला, "तट्टू चरेना म्हणून तुम्ही दोघं चरायला लागलात की काय?"

मिरी तोंड लपवायला जागा शोधत होती. चष्मेवाल्याने तेवढ्यात तिच्या खिशात एक डबी सरकवली. "तुमच्यासाठी केलाय. अंदाजाने नंबर धरलाय, नंतर दुकानात येऊन नीट तपासू. ढब्बूने मुसकं स्वीकारलं की तुम्हीही..."

"मुळीच नाही! चष्मा लावला की मी हुबेहूब आत्या दिसेन."

"ऐकतेय हं मी," आत्या म्हणाली.

महिन्याची शेवटची संध्याकाळ नुकतंच उजाडल्यासारखी स्वच्छ होती. ढब्बूने सकाळपासून मुसकं काढायची धडपड केली नव्हती. पण गवताला तोंडही लावलं नव्हतं. आत्या हातात खोलीचं कुलूप घेऊन उभी.

चष्मेवाला ठरल्याप्रमाणे पलीकडच्या कुंपणाशी आला. ढब्बू दुडक्या चालीने त्याच्याकडे गेला आणि मान लांब करून उभा राहिला. सोड ना! चष्मेवाल्याचे हात वर आले... आणि खिशात गेले. त्याने पाठ फिरवली.

मिरी तबेल्याच्या दारात उभी. जवळ जावं, तर ढब्बू तिच्या मागे लागणार. इथून तर नुसता तपकिरी ठिपका!

"आत्या, मान खाली घातली का त्याने?"

"खिशात काय आहे तुझ्या?" आत्या म्हणाली. "माझ्यासारखी दिसलीस तर दिसलीस. मेली नाहीस."

मिरीने डबी उघडली. चष्मा नाकावर बसला, आणि कुरण एकदम जवळ आलं. पातं न् पातं वेगळं. ढब्बूची मान खाली. मुसक्याच्या भोकातून एक पातं वर गेलं. मग दुसरं. जबडा हलत होता! मन लावून, चवीने.

आत्याने कुलूप खिळ्याला अडकवलं आणि ती नाक पुसत आत गेली.

मिरीने नजर वर उचलली. चष्मेवाला केव्हाच वळला होता, आणि तो ढब्बूकडे बघतच नव्हता. तो दाराकडे बघत होता. तिच्याकडे. एवढं हळवं, एवढं उघडं बघणं तिने जवळून कधी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

तिने हात वर केला.

तो दचकला. तिथूनच ओरडला, "कोणाला हात केलात?"

"शेजारच्या काकूंना नाही!"

ढब्बूला वळसा घालून ती कुरण ओलांडून गेली. चष्मेवाल्याचे कान लाल झाले होते.

"मी लांब असले की रोज असंच बघत होतात?"

"तुम्हाला दिसत नाही म्हणून तर धीर व्हायचा."

"आता दिसतं," मिरी म्हणाली. चष्मा घसरला होता. त्याने एका बोटाने तो वर सरकवला, आणि बोट तिथेच राहिलं. "तरी बघ."