आमचा घेऊ नका

कारखान्यातल्या पंपापाशी वाकून ती आवाज ऐकत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "पोटात खडे भरल्यासारखा वाजतोय."

तिने वळून पाहिलं. पाहुण्यांचं हेल्मेट भुवयांपर्यंत घसरलेला एक तरुण. पंप विकणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर... ऑफिसात जाता जाता वाट चुकून इकडे आलेला.

"खडे नाहीत, बुडबुडे आहेत," ती म्हणाली.

"हो ना. गरम द्रावक आत शिरतानाच उकळतंय. टाकी जरा उंचावर घ्या, शांत होईल."

तिला हसू आलं. साहेबांना ती महिनाभर हेच सांगत होती.

नवा पंप निवडायचं काम तिने मागून घेतलं होतं. या पंपाचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो, तिथलं सील मध्यंतरी गळलं, गरम द्रावकाने पेट घेतला आणि जुन्या ऑपरेटरचा, सगळ्यांच्या आबांचा, हात कोपरापर्यंत भाजला होता. त्याच आबांनी तिला पहिल्या दिवसापासून काम शिकवलं होतं. सध्या सील बदलून कसंबसं भागवणं चाललं होतं.

मग तो येतच राहिला. कधी नकाशा घेऊन, कधी सीलचा नमुना घेऊन, एकदा तर नुसतं पेन विसरलो म्हणून.

"पेन तुमच्या खिशालाच आहे की," ती म्हणाली.

"हे... दुसरं," तो म्हणाला आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. आबा उगाच खोकले.

निर्णयाच्या आदल्या दिवशी त्याने आपल्या पंपाचं माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. जरा वेळाने उचलून परत बॅगेत घातलं.

"आमचा घेऊ नका."

"का?"

"सील कितीही चांगलं असलं तरी कधी ना कधी गळणार. तुम्हाला सीलच नसलेला पंप हवा. चुंबकाने आतलं चाक फिरतं, दांडा बाहेर येतच नाही. फक्त आत द्रव नसताना, कोरडा चालू देऊ नका. आणि तो... आम्ही बनवत नाही."

"तुमचे साहेब काय म्हणतील?"

"बोलणी खाईन." तो आबांच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होता. "चालेल मला."

तिने तसाच पंप निवडला, टाकीही उंचावून घेतली. पुढे दोन महिने त्याचे पाय इकडे वळले नाहीत.

पंप सुरू झाला त्या सकाळी आबांनी त्याच्याखालून फडकं फिरवलं, उलटसुलट करून पाहिलं. कोरडं ठणठणीत.

"जमलं पोरी," ते म्हणाले. "आता त्याला कळव. तुझं कशात लक्ष नसतं, ते आम्हाला दिसत नाही होय?"

आत न्यायला बंदी म्हणून फाटकावर ठेवलेला फोन घेऊन ती रस्त्यापलीकडच्या झाडाखाली गेली.

"पंप सुरू झाला."

"गळती?"

"थेंबही नाही."

"छान झालं. मग... काही अडचण?"

"आहे. तुम्ही येत नाही."



"कुठल्या तोंडाने येणार होतो?" तो हळूच म्हणाला. "विकायला काही उरलंच नव्हतं."

"विकायला कोण बोलावतंय? मला तू आवडतोस... म्हणून ये."

अहो-जाहो कधी सुटलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"निघालोच," तो म्हणाला. "तू तिथेच थांब."