सावलीची अट

सूर्य आणि न्याय कुणाचाही मुलाहिजा ठेवत नाहीत. आमच्या बांधकाम परवानगी समितीचे अध्यक्ष प्रत्येक सुनावणीआधी हे वाक्य म्हणत आणि लगेच मला खिडकीचा पडदा ओढायला सांगत. ऊन त्यांच्या डोळ्यांवर यायचं.

मी त्या समितीचा सचिव. सचिवाला मत नसतं. लग्नाला बरीच वर्षं झालेली असल्यामुळे मला ते जड गेलं नाही. जड जायची ती दुसरी गोष्ट: अध्यक्ष मला सगळ्यांदेखत 'कारकून' म्हणत. "कारकून, लिहा." मी लिहीत असे.

त्या दुपारी एका नऊ मजली इमारतीची सुनावणी होती. त्या गल्लीत तीन मजल्यांच्या वर परवानगी नव्हती, आणि बिल्डरला नियमातून सूट हवी होती. हरकत घेणारी व्यक्ती एकच, शेजारच्या अंगणात सूत रंगवणाऱ्या बाई. मनगटापर्यंत हात निळे, नखं काळपट. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. खुर्चीला रंग लागू नये म्हणून हात मांडीवर उलटे ठेवून.

आर्किटेक्टनं भिंतीवर नकाशा लावला. त्यात इमारतीची सावली हातरुमालाएवढी होती आणि बाईंच्या अंगणाला शिवतही नव्हती.

"ही सावली कितीची?" बाईंनी विचारलं.

"भर उन्हाळ्यातली. दुपारी बाराची," आर्किटेक्ट म्हणाला.

"आणि तीन वाजताची?"

"तीनची काढायची पद्धत नाही."

"पद्धत नाही म्हणून पडायची राहते का हो ती?" बाई म्हणाल्या. "ऊन नसेल तर माझं सूत वाळत नाही. ओलं राहिलं की रंग फुटतो, कुबट वास येतो. तो माल कोण घेणार? तुम्ही?"

समितीत हशा पिकला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. जेवायची वेळ टळत चालली होती, आणि भुकेल्या अध्यक्षांइतका चटकन निर्णय देणारा माणूस मी पाहिलेला नाही.

"बाई, सावली म्हणजे काही बांधकाम नाही," ते म्हणाले. "भिंतीला हरकत घ्या, खिडकीला घ्या. सावलीला हरकत घेता येत नाही."

"मग माझ्या अंगणात ती पडणार नाही, असं लिहून द्या."

"घ्या! कारकून, लिहा. अट: सदर इमारतीची सावली हरकतदाराच्या अंगणात पडू नये."

"मान्य," बिल्डर म्हणाला. त्यानं मान वरही केली नाही. अशा अटी आम्ही नेहमीच घालतो. पाहुणा चपला घालत असताना आपण 'जेवून जा ना' म्हणतो, तशा.

बाई उठल्या. पिशवी खांद्याला लावून दारात थांबल्या.

"पण साहेब, एवढी मोठी इमारत. सावली कुठे तरी जाणारच. तिची सोय लावायला हवी ना कुणी तरी."

"आमच्या घरी पाठवा," अध्यक्ष म्हणाले. "उन्हाळ्याचं बरंच आहे."

या वेळी हशा जास्त मोठा झाला. ते वाक्य मी लिहिलं नाही. विनोद इतिवृत्तात येत नाहीत.

बाई मात्र हसल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या. पत्ता मिळाल्यावर माणूस म्हणतो तसं.

काम झपाट्यानं चढलं. टप्प्याटप्प्याच्या पाहणीला मी जायचो, कारण अध्यक्षांना धूळ सोसत नसे. पहिला स्लॅब टाकल्यावर गेलो तेव्हा मजुरांची जेवायची सुटी होती, आणि सगळे रस्त्यापलीकडे एका उभ्या ट्रकखाली दाटीवाटीनं बसले होते.

"इकडे भिंतीच्या कडेला बसायचं सोडून ट्रकखाली काय?" मी मुकादमाला विचारलं.

"तुम्ही बसून बघा," तो म्हणाला.

मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. सूर्य भिंतीच्या पलीकडे होता, म्हणजे मी सावलीत असायला हवं होतं. माझ्या डोक्यावर ऊन होतं. पायाशी माझी सावली होती, जवळच्या घमेल्याची होती, वाळूच्या ढिगाचीसुद्धा होती. भिंतीची नव्हती.

मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. मी मुकादमाला सूर्याचा कोन, समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड वगैरे समजावून सांगितलं. त्यानं ते आदरानं ऐकलं आणि परत ट्रकखाली गेला.

कुंपणापलीकडे दोऱ्यांवर सुताच्या लाल-निळ्या लडी लटकत होत्या. त्या कडकडीत उन्हात बाई लडी झटकत होत्या.

"अट पाळली हो त्यांनी," त्या मला म्हणाल्या. "मला वाटलं नव्हतं."

आठवड्याभरानं अध्यक्षांनी मला घरी बोलावलं. त्यांचा बंगला शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. पुढे हिरवळ, कडेला गुलाब, आजूबाजूला सगळी बैठी घरं. दार वहिनींनी उघडलं. त्यांच्या हातात ओला टॉवेल होता.

"भावजी, आपल्या मागे कुणी काही बांधतंय का हो?"

"इथे? इथे तर परवानगीच नाही वहिनी."

"मग मला वेड लागलंय का? चार दिवस झाले, कपडे वाळत नाहीत. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, साबण बदल."

अध्यक्ष मागच्या व्हरांड्यात बसले होते. त्यांनी हिरवळीकडे बोट दाखवलं. घराच्या सावलीच्या बरीच पुढे, आणखी एक सावली पडली होती. कडा पट्टीनं आखल्यासारखी सरळ. मी वर पाहिलं. आकाश मोकळं होतं, ढगाचा ठिपकाही नव्हता.

मी सावलीत पाऊल टाकलं. गार वाटलं. झाडाखाली वाटतं तसं नव्हे. ओल्या सिमेंटजवळ वाटतं तसं. चुन्याचा वास आला. मग मला त्या सावलीच्या वरच्या कडेला बारीक उभ्या-आडव्या रेघा दिसल्या. बांबूची परांची होती ती. तिच्यावरून डोक्यावर घमेली घेतलेली माणसं चढत होती. गवतावरून, अगदी माझ्या बुटांवरून, आवाज न करता.

"हे कशाचं असावं?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोनाचा काही तरी प्रकार असेल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पटला नाही.

इमारत चढत गेली, तशी सावली लांबत गेली. गुलाब पिवळे पडले. हिरवळीवर शेवाळ धरलं. सहाव्या स्लॅबला सावली व्हरांड्याची पायरी चढली, तेव्हा अध्यक्षांनी काम थांबवण्याची नोटीस काढली. काम थांबलं. सावली जिथे होती तिथे राहिली.

मग ते बाईंवर उलटले.

"हरकतदाराचं अंगणच राहिलं नाही, तर अट कसली?" त्यांनी मला सुनावलं. "त्या बयेनंच काही तरी केलंय. तिच्याकडे रंगकामाचा परवाना आहे का? काढा शोधून."

परवाना होता, पण रंगाच्या हौदांचा नव्हता. हौदांचा परवाना शहरात कुणाकडेच नाही. दुसऱ्या सकाळी पथक गेलं, हौद फोडले, अंगणाच्या फाटकाला कुलूप घालून सील ठोकलं. रस्त्यावरून निळं पाणी गटारापर्यंत वाहत गेलं. बाई समोरच्या ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पथकातला एक जण मला नंतर म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

त्याच दुपारी सावली घरात आली.

व्हरांड्यातून दिवाणखान्यात, तिथून भिंतीवर. वहिनींनी दिवे लावले. दिवे लागले, पण उजेड पडेना. बल्बकडे पाहिलं तर डोळे दिपायचे, आणि खालची सतरंजी काळीच.

संध्याकाळी वहिनींनी बॅग भरली. "बहिणीकडे जाते," त्यांनी मला फोनवर सांगितलं. "तिच्याकडे ऊन आहे. तुमच्या साहेबांना सांगा, त्यांना पाठवलेलं त्यांनीच घ्यावं. मी नव्हते मागवायला गेले."

अध्यक्षांनी तातडीची सुनावणी लावली. अट रद्द करायची, एवढाच विषय. अट रद्द करायची तर हरकतदाराला ऐकून घ्यावं लागतं. बाई आल्या, त्याच खुर्चीच्या कडेला बसल्या. हात आता निळे नव्हते. काम बंद होतं ना.

ऐन उन्हाळ्यात अध्यक्ष स्वेटर घालून आले होते. त्यांनी मला पडदा उघडायला सांगितलं. ऊन टेबलावर पसरलं, फायलींवर आलं, पाण्याच्या पेल्यावर आलं आणि अध्यक्षांच्या मनगटाशी येऊन थांबलं.

समितीतल्या सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या थोड्या सरकवल्या.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "ही अट आम्ही काढून टाकतोय. तुमची काही हरकत?"

"सावलीला हरकत घेता येत नाही. तुम्हीच म्हणालात."

"म्हणजे ती तुमच्याकडे परत येईल?"

"कुठे येणार?" बाई शांतपणे म्हणाल्या. "अंगणाला तुमचं कुलूप आहे, साहेब."

कुलूप त्याच दिवशी निघालं. हौद समितीच्या खर्चानं बांधून दिले. तरी सावली हलली नाही. शेवटी, आर्किटेक्टचा नकाशा दिशाभूल करणारा होता, हे अध्यक्षांच्या अचानक लक्षात आलं आणि इमारत पाडण्याचा हुकूम निघाला.

बिल्डर माझ्या टेबलावर हात आपटत होता. "अहो, अट मी पाळली! अख्ख्या शहरात कुणी अट पाळत नाही, मी एकट्यानं पाळली, आणि माझीच पाडता?"

त्याचं चुकत नव्हतं.

शेवटचा खांब पडला तेव्हा मी तिथे हजर होतो. धूळ बसली. बाईंच्या अंगणात ताज्या लडी लटकत होत्या. असा लाल रंग मी तरी पूर्वी पाहिला नव्हता.

"साहेबांना सांगा," बाई म्हणाल्या, "रंग फार छान बसतोय आता."

मी तसाच अध्यक्षांकडे गेलो. दार उघडंच होतं. ते मागच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, अंगावर दोन स्वेटर.

"पडली?" त्यांनी विचारलं.

"पडली, साहेब. पूर्ण."

"मग हे बघा, सचिवसाहेब."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला तसं म्हटलं.

सावली पूर्ण झाली होती. बांधलेले मजले सहाच होते. हिरवळीवर नऊ होते. परांची निघाली होती. खिडक्यांना गज लागले होते, गॅलऱ्यांना कठडे. एका गॅलरीत दोरी बांधली होती. राहायला कुणी तरी आलं होतं.

मी खुर्चीखाली पाहिलं. खुर्चीची सावली फरशीवर अंधूक दिसत होती. रिकाम्या खुर्चीची.

"माझी शोधताय?" अध्यक्ष म्हणाले.

त्यांनी बोट दाखवलं. सहाव्या मजल्याच्या गॅलरीत एक सावली कठड्याला टेकून उभी होती. खांदे त्यांचेच. ती खाली पाहत होती, आमच्याकडे.

अध्यक्षांनी हात हलवला.

तिनं नाही हलवला.

पुढच्या महिन्यात त्यांनी पद सोडलं. नवे अध्यक्ष आले, तेही सुनावणीआधी पडदा ओढायला सांगतात. माजी अध्यक्षांचा अर्ज गेल्या आठवड्यात समितीपुढे आला: घरावर पडणारी इमारत पाडून मिळावी. अर्जासोबत इमारतीचा नकाशा जोडलेला नव्हता, म्हणून मी तो परत पाठवला.