रिकामी दिसलेली डिस्क

या, बसा. पिशवी त्या खुर्चीवर नका ठेवू हो, मांडीवर घ्या. का ते शेवटी कळेल.

आता सांगतो ते खरं घडलंय. माझ्या सख्ख्या दाजींबरोबर. मी एसी दुरुस्त करणारा माणूस, मला गोष्टी रचता येत नाहीत.

रविवार होता. भर दुपारचे दोन. मोठ्या हॉस्पिटलचा तिसरा मजला, कॉम्प्युटरची बिनखिडकीची खोली. आत दाजी एकटेच.

आधी त्या खोलीचं समजून घ्या. मला दाजींनी जेवताना डबे मांडून दाखवलं होतं. मोठी मशीनं दोन, पण डिस्कचं कपाट एकच. दोन जावांचं एक स्वयंपाकघर म्हणा ना. दोघी त्यातूनच घेणार, त्यातच ठेवणार. म्हणून मशीनं दर सेकंदाला एकमेकांना सांगतात, 'मी आहे.' ज्याचा आवाज बंद झाला, त्याला बाकीची बाहेर काढतात. एकटं पडलं ते गेलं.

आणि एक नियम. डिस्क पुसायची तर सगळ्या मशीनांवरून बघायचं. एकाला रिकामी दिसते, ती दुसऱ्याची गच्च भरलेली असू शकते.

वर्षापूर्वी दाजींनी एकावरूनच बघितलं. घरी जायची घाई. पुसून टाकली.

पेशंटांचे सहा वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट गेले. दुसरी प्रत कुठं नाही.

त्यात दाजी बसले होते मास्तरांच्या जागेवर, मास्तरांच्या पासवर्डनं, म्हणजे नोंद मास्तरांच्या नावावर. मास्तर म्हणजे त्या खोलीतला सगळ्यात जुना माणूस. दाजींना हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवलेलं.

चौकशीत मास्तर म्हणाले, "अरे, सांग ना यांना. तूच बसला होतास ना?"

दाजींनी बुटाकडं बघितलं.

बास. मास्तरांची नोकरी गेली. तेव्हा खोलीत मास्तरांचं एक जुनं तिसरं मशीनही होतं, तेही त्याच दिवशी भंगारात काढलं. जाताना मास्तर दाजींच्या कानाशी आले. "एकटा पडलास ना, की बोलू."

चार महिन्यांत मास्तर वारले.

तर तो रविवार. नवं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. एक मशीन बंद करायचं, त्यात टाकायचं, तोवर दुसऱ्यानं गाडा ओढायचा. दाजींनी दुसरं बंद केलं. चालू मशीनांची यादी मागवली. एकच नाव यायला हवं.

दोन आली.

पहिलं... आणि तिसरं.

दाजी उठले. तिसऱ्याची जागा बघितली. रिकामी. धुळीत नुसता चौकोन, आणि वर लोंबणारी वायर. वायरीच्या टोकाला काहीच नव्हतं...

पण वायर जिथून निघते तिथला हिरवा दिवा लुकलुकत होता. दर सेकंदाला.

मी आहे... मी आहे... मी आहे.

दाजींनी वायर उपटली.

दिवा चालूच.

आणि मशीनच्या पंख्यांची घरघर थांबली... एकदम. स्क्रीनवर एक ओळ आली. 'पहिल्या मशीनचा आवाज येत नाही. बाहेर काढत आहे.' खाली हुकूम देणाऱ्याचं नाव.

मास्तरांचं.

दाजी दाराकडं पळाले. कार्ड लावलं... दार उघडेना. काचेपलीकडं वॉचमन पेपर वाचत बसलेला. दाजींनी हात लाल होईस्तोवर दार बडवलं.

त्यानं शांतपणे पान उलटलं.

ताईला फोन लावला.

"हॅलो? कोण बोलतंय? अहो, आवाज येत नाहीये! काय मेलं हे नेटवर्क..."

कट.

मग पाठीमागून चप्पल घासत आली... सर्र... सर्र... मास्तर ओढायचे तशी. खुर्ची करकरली.

"मी पुसली!" दाजी भिंतीला चिकटून ओरडले. "डिस्क मी पुसली, मास्तर! चुकलो! सगळ्यांना सांगतो!"

सर्र... सर्र... जवळ आली.

मग अगदी कानाशी, थंडगार, "सांग की. कोण ऐकतंय बघू."

दार आपोआप उघडलं.

सोमवारी दाजींनी साहेबांना लिहून दिलं. साहेबांनी त्या कागदावर चहाचा कप ठेवला. दाजी टेबलासमोर उभं राहून, घसा फोडून बोलले. साहेब शेजारच्याला म्हणाले, "एसी जास्त झालाय का रे?"

महिन्याभरात हजेरीतून नाव गेलं. कुणी काढलं, कुणालाच ठाऊक नाही.

आता ताई ताटं मांडते... एक कमी. मी म्हणतो, "ताई, दाजींचं?" ती दचकते. "अगंबाई, हो की!" म्हणते आणि रडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मास्तरांवरचा डाग आहे तिथंच आहे, आणि तो पुसणाऱ्याचं कुणाला ऐकू जात नाही. असा सूड मी बापजन्मात ऐकला नव्हता.

मला दाजींचा आवाज येतो अजून. पण परवापासून... तुटक तुटक.

म्हणून सगळीकडं बरोबर घेऊन हिंडतो त्यांना.

मी जरा चहा सांगून येतो. पाचच मिनिटं. तेवढं माझं एक काम करा. ती खुर्ची तुम्हाला रिकामी दिसतेय ना? तिच्याकडं बघून दर थोड्या वेळानं म्हणत राहा, "आहात, दाजी. ऐकतोय."

मी येईपर्यंत म्हणायचं थांबू नका, एवढं ऐका माझं.